जळजळलं म्हणजे काम चाललंय

माझा नवरा यासिन कसांडा चिडका नाही. टेमेके वस्तीच्या नाक्यावर तो मोटरसायकलवरून भाड्याची माणसं नेतो. गिऱ्हाइकानं शिवी घातली तरी हसून गाडी चालू करतो. त्याच्या वाट्याची चीड मीच काढते. कोंडो पाझीवरची तर अजून संपलेली नाही, आणि मला ती संपवायचीही नाही.

कोंडोचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. साबण, अत्तर, खोबरेल, मलमं. तो झारामो जमातीचा, आम्ही न्यामवेझी जमातीचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे मतानी, थट्टेचे सोयरे. मतानीनं भर रस्त्यात तुमचा आजा उद्धरावा, तुमच्या ताटातला मासा उचलावा, आणि तुम्ही हसायचं. रागावलात तर नाक तुमचंच कापलं जातं. पण घरात मयत झालं की कबर खणायलाही पहिला मतानीच येतो. कोंडोचा बाप गेला तेव्हा खड्ड्यात यासिनच उतरला होता.

लग्नाआधी नवरदेवानं काखेतले आणि खालचे केस काढायचे, ही आमच्याकडची रीत. वस्तऱ्यानं यासिनला तिथे पुटकुळ्या यायच्या, म्हणून तो कोंडोकडे गेला. कोंडोनं केस काढायच्या मलमाची एक कोरी पांढरी डबी पुढे सरकवली.

"खास पुरुषांसाठी आहे, नवरदेव!"

"नाजूक जागा आहे रे. काही होणार नाही ना?"

"जळजळलं म्हणजे काम चाललंय समजायचं. मर्द असशील तर दात आवळून बस, लगेच धुवायला पळू नकोस."

यासिन तसाच बसला. तेही आदल्या दिवशीचे वस्तऱ्याचे ओरखडे ताजे असताना. केस गेले, आणि त्यांच्याबरोबर कातडीही गेली.

माझ्या लग्नाच्या गादीवर माझा नवरा लुंगी चिमटीत धरून उताणा पडला होता आणि मी पंख्यानं त्याला वारा घालत होते. दाराबाहेर माझ्या मावश्या पहिल्या रात्रीच्या बातमीची वाट बघत होत्या. तो रडत होता. दुखतं म्हणून कमी, लाजेनं जास्त.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं कपाळावर हात मारला. "अहो, पायाचे केस काढायचं मलमसुद्धा तिथे लावायचं नसतं! तिथली कातडी पातळ, त्यात घाम. आधी टिकलीएवढं लावून एक दिवस वाट बघायची. ओरखडे असतील तर लावायचंच नाही. आणि जळलं की त्या क्षणी गार पाण्यानं धुवायचं. डबीवर वाचलं नाहीत?"

डबीवर वाचण्यासारखं काही नव्हतंच.

कित्येक आठवडे यासिनला गाडीवर बसता आलं नाही. पाय फाकवून तो दारापर्यंत आला की कोंडो दुकानातून ओरडायचा, "काय मतानी, खोगीर टोचतंय का?" गल्ली खो खो हसायची. मग तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "मलम नंबर एक आहे. याची कातडीच बाईची, त्याला मी काय करू?"

हे माझ्या थोरल्या मावशीच्या कानावर गेलं. ती माझं बोचकं बांधायलाच आली. "तातू, माघारी चल. ह्याच्यात दम नाही."

मी तिला थांबवलं आणि यासिनवर उखडले. "जा, त्या कोंडोचं थोबाड फोड! नाहीतर ही मला घेऊन जाईल."

"मतानीवर हात उचलता येत नाही."

"मग मी उचलते!"

"थांब गं," तो म्हणाला. "मतानीला जे करता येतं, तेच करतो."

त्याच महिन्यात कोंडोची आत्या वारली. दुखवट्याच्या जेवणाला सारी गल्ली मांडवात जमली. मेलेल्या माणसाची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवणं हा मतानीचा हक्कच. यासिन आला तो म्हातारीचं लुगडं गुंडाळून, तिच्यासारखा कमरेत वाकून, तिच्याच घोगऱ्या आवाजात शिव्या देत. रडणाऱ्या बायकासुद्धा पोट धरून हसल्या. कोंडोही हसला. हसणं त्याला भागच होतं.

"कोंडो बाळा, गाल किती राठ झालेत रे तुझे! ये, आत्या मलम लावते."

यासिननं ती पांढरी डबी काढली. झाकण उघडताच मलमाचा कुबट वास पसरला. आमच्या नाक्यावरच्या दोघांनी कोंडोचे हात धरले. यासिनची डबीत बुडवलेली पांढरी बोटं गालाजवळ आली आणि कोंडोचं हसू मावळलं.

"नको! तोंडाला नको!"

"का रे राजा? खास पुरुषांसाठी आहे ना?"

"चुना आहे त्यात! मलम जुनं, केस निघेनात, म्हणून कातडी कमावणाऱ्यांचा चुना कालवलाय मी! डोळे जातील माझे, सोडा!"

यासिननं बोटं शांतपणे चाटली. डबीत कसाव्याच्या कंदाची गार लापशी होती. सकाळी मीच शिजवून भरली होती. डबी घासली होती, झाकण मात्र मुद्दाम धुतलं नव्हतं.

मग मासे तळणारा सेफू उठला. "मला म्हणालास, तुझं रक्त वाईट आहे!" त्याच्यामागे शिंपी उठला. त्याच्यामागे माझ्या थोरल्या मावशीचा नवरा उठला, आणि मावशीनं पदर तोंडावर ओढला. एवढे पुरुष गुपचूप कळ सोसत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, खोट आपल्यातच आहे.

कोंडो गयावया करू लागला. "अरे, थट्टा होती मतानी! मतानीवर कुणी रागावतं का?"

यासिननं लुगडं सोडलं, नीट घडी करून चटईवर ठेवलं. "म्हणूनच सांगतो. आजपासून तू माझा मतानी नाहीस. आता मला तुझा राग येऊ शकतो. आणि तुझी कबर खणायला दुसरं कुणीतरी बघ."

मावशी माझ्या बोचक्याविनाच, एकटी परत गेली. कोंडोचं दुकान आहे, पण आमच्या गल्लीतलं कुणी त्याच्याकडून काडेपेटीही घेत नाही.

दर ईदला तो आमच्या दारात उभा राहतो आणि यासिनच्या आज्याला मुद्दाम घाणेरड्यात घाणेरडी शिवी देतो. उलट शिवी मिळेल या आशेनं बघत राहतो. यासिन उठतो, दोन्ही हात जोडल्यासारखे करून अदबीनं म्हणतो, "सलाम, कोंडोसाहेब. तब्येत बरी आहे ना आपली?"

कोंडोचा चेहरा पडतो. तो बघायला मी दर ईदला हातातलं काम टाकून दारात येते.