गाडीतळावरची रेघ

आमच्या मोठ्या मामांइतका संतापी माणूस पूर्णेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की इतक्या योग्य कारणासाठी संतापणाराही दुसरा झाला नाही. लोक म्हणत, यांच्या नाकावर राग असतो. साफ चूक. नाकावर फार तर माशी बसते. मामांचा राग अंगभर होता. सकाळी तो त्यांच्या आधी उठायचा आणि हे दातवण शोधत असेपर्यंत शेजाऱ्याच्या कोंबड्यांना दोन शिव्या देऊनही यायचा. जेवताना पिठल्याचा ओघळ भाकरीखाली गेला तरी ते ताटाकडे डोळे वटारून बघत. ज्याची जागा जिथं, त्यानं तिथं राहावं, एवढंच त्यांचं जगाकडे मागणं होतं. जगानं ते कधी मनावर घेतलं नाही, आणि हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापू लागलं आहे, कारण मी त्यांचाच भाचा आहे.

मामा घाटावरच्या गाडीतळाचे राखणदार होते. आमचं गाव नदीच्या अल्याड, आणि बाजार, दवाखाना, आगगाडीचं ठेसन असं माणसाला लागणारं सगळं पल्याड. उन्हाळ्यात गाड्या नदीतूनच पार होत, पण पावसाळा लागला की थेट दिवाळी सरेपर्यंत गाड्या अल्याड सोडायच्या आणि माणसांनी नावेनं जायचं. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून इतक्या बैलगाड्या लोटत की घाटावर पाय ठेवायला जागा राहत नसे. म्हणून लोकल बोर्डानं तिथं मुरूम टाकून गाडीतळ केला आणि त्यावर मामांना नेमलं. शेण उचलायचं, चाकोऱ्या मुरमानं बुजवायच्या आणि चुन्याच्या रेघा मारायच्या, हे त्यांचं काम. डाव्या हाताला गाड्यांची एक रांग, उजव्या हाताला दुसरी, आणि मधोमध सडकेपासून थेट नावेपर्यंत एक मोकळी वाट. राकेलच्या डब्याच्या बुडाला भोकं पाडून त्यात ते चुन्याची फक्की भरत, दोन खुंट्यांना सुतळी ताणत आणि डबा हलवत उलटे चालत जात. पाऊस आला की रेघ वाहून जाई. पाऊस थांबला की मामा आभाळाला एक सणसणीत शिवी हासडून पुन्हा डबा उचलत. उन्हाळ्यात नाव बंद, गाडीतळ ओस, तरी रेघा मारणं चालूच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बैलाईची सवय मोडते ना बे!"

आणि बैलांना खरोखरच सवय झाली होती. मामांनी लांबून "सर मांगं!" अशी आरोळी ठोकली की जोडीच्या जोडी पाऊलभर मागं सरे. माणसं मात्र जागची हलत नसत. बैल मुका असून ऐकतो आणि माणूस कान असून ऐकत नाही, हा गाडीतळावर रोज दिसणारा प्रकार होता.

या मधल्या वाटेपायी मामा एवढे जळत, त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. मामींना भर बाजारच्या दिवशी पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. तेव्हा गाडीतळ नव्हता, रेघा नव्हत्या. मामांनी त्यांना बाजेवर घालून घाटापर्यंत पळवत आणलं. नदी शांत होती, नाव काठाला लागलेली होती, नावाडी हातात बांबू घेऊन तयार होता. आणि सडक ते नाव एवढ्याशा अंतरात गाड्याच गाड्या, एकीचं जू दुसरीच्या चाकात, आणि गाड्यांचे धनी पल्याड बाजारात शेव-चिवडा खात बसलेले. बाज कुठून काढणार? गाड्या ओढत, बैल सोडत वाट करेपर्यंत मामी, नाव समोर दिसत असताना, तिथंच गेल्या. नदीनं त्यांना अडवलं नव्हतं. आमच्याच लोकांनी अडवलं होतं. पुढं गाडीतळ झाला तेव्हा मामा आपण होऊन ते काम मागायला गेले.

आता खरं तर एवढं सगळं ठाऊक असलेल्या गावानं ती वाट डोळ्यांत तेल घालून जपायला हवी होती. गावानं काय केलं? रेघेची पूजा केली! आमच्याकडे पटकीची साथ आली की गाव बांधतात, वेशीभोवती धार धरतात, आणि ती ओलांडून रोगराई आत येत नाही असा समज आहे. घाटावर पांढरी रेघ दिसल्याबरोबर कुण्या म्हातारीनं ठरवून टाकलं की मामांनी घाट बांधला. झालं! पुढच्या बाजारी रेघेवर हळदकुंकू. त्याच्या पुढच्या बाजारी लिंबू. मग एका गाडीवानानं रेघेला हात जोडले, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा मामांच्या हातावर ठेवला आणि गाडी बरोब्बर रेघेवर, मधल्या वाटेत, आडवी लावली. मामांनी तो तुकडा असा भिरकावला की तो नदीत पडला. "अबे, रेघेले नारय कायले फोडतं? तिच्या मांगं गाडी लाव!" गाडीवान शांतपणे म्हणाला, "काऊन चिडता मामा? पाया तं पडलो ना!" मला तर वाटतं, आमच्या अख्ख्या मुलखाचा कारभार त्या एका वाक्यावर चालतो. पाया पडायला सांगा, रांग लागेल. मागं सरायला सांगा, की कुणाला ऐकू येत नाही.

घरच्या कार्यातही मामा तेच मामा. माझ्या लग्नात वऱ्हाड आलं तेव्हा मांडवाबाहेर त्यांनी आधीच फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. नवरीकडच्यांना वाटलं, काय थाट आहे! तेवढ्यात माझ्या सासऱ्यांची गाडी रेघेवर आली आणि मामांनी व्याह्याला, हातात पानसुपारी असताना, गाडी मागं घ्यायला लावली. सासरे रुसले. त्यांची समजूत काढता काढता मुहूर्त टळायची वेळ आली, आणि मामा म्हणतात कसे, "मुहूर्त टयला तं दुसरा निंगते. वाट अडली तं माणूस निंगत नाई." सासऱ्यांना हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं अपशकुनी वाटत राहिलं.

मग एका बाजारी आमच्या गावच्या देशमुखांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, मधल्या वाटेत, अगदी नावेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. धनी नावेनं पल्याड गेलेले, परतल्यावर त्यांच्या जोड्यांना चिखल लागू नये म्हणून ही सोय. मामा धावले.

"हटव दमणी."

दमणीवाला हसला. "मामा, घडीभर तं हाय."

"घडीच लागते बे मराले!"

तो हलला नाही. मामांनी स्वतः जुवाला हात घातला आणि ती गादी-तक्क्यांची दमणी ओढत नेऊन रांगेच्या शेवटी, शेणाच्या ढिगाशेजारी लावली. देशमुख परतले ते चिखलातून चालत गेले. बोलले काहीच नाहीत. मोठी माणसं बोलत नाहीत, करतात. पुढच्या बाजाराच्या आत मामांचं काम गेलं आणि देशमुखांच्या नात्यातला एक गडी गाडीतळावर आला. बोर्डाचा ओव्हरसियर तपासायला यायचा असला की तो रेघा मारी, एरवी बाभळीखाली घोरत पडे. आणि गाव? गाव म्हणालं, "मामांचं जरा चुकलंच." त्या 'जरा'ची मला अजून चीड येते. एकही मायेचा पूत पुढं होऊन बोलला नाही, आणि यांच्यातल्या निम्म्यांच्या बायका-पोरांना मामांनी राखलेल्या वाटेनंच कधी ना कधी नावेपर्यंत पोचवलं होतं.

मामा मात्र दर बाजारी घाटावर जातच राहिले. हातात डबा नाही, नेमणूक नाही, नुसती आरोळी. राग काही बोर्डानं दिलेला नव्हता, तो काढून कोण घेणार? असंच एकदा, सकाळी गाड्या येऊन गर्दी झालेली असताना, दोन गाड्यांचे बैल एकमेकांवर उठले. त्यांतला एक नवा होता, मामांचा आवाज न ओळखणारा. मामा मधे पडले आणि त्यानं त्यांच्या पोटात शिंग घातलं.

आम्ही त्यांना बाजेवर घेतलं. बाजेच्या एका खुराला माझा खांदा होता. समोर तीच पूर्णा, काठाला तीच नाव, आणि मधे गाड्याच गाड्या. कुणीतरी ओरडलं, "मामा हायेत रे, मामा!" आणि मग एक जू हललं, दुसरं हललं. माणसांनी चाकांना खांदे लावले. दमणीवाल्यानं कुणी न सांगता दमणी मागं घेतली. बघता बघता डावीकडची रांग डावीकडे, उजवीकडची उजवीकडे लागली आणि मधे सडकेपासून नावेपर्यंत वाट मोकळी झाली. जमिनीवर चुन्याचा कणसुद्धा नव्हता. पावसानं तो कधीच धुऊन नेला होता. तरी जिथं रेघ असायची तिच्या पुढं एकही चाक नव्हतं.

मामांनी डोळे उघडले. मान वळवून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"हाव बे," ते म्हणाले, "म्हंजे तुमाले रेघ मालूम होती."

सगळा घाट खाली मान घालून उभा राहिला. मी इतकी वर्षं या लोकांना अडाणी म्हणून माफ करत आलो होतो. त्या दिवसापासून मी ती माफी काढून घेतली.

नाव सुटली. मामा मामींपेक्षा पुढं पोचले, पल्याडच्या काठाला पोचले, दवाखान्यात पोचले. तिथून परत मात्र आले नाहीत. आणि पुढच्या बाजारी मधल्या वाटेत पुन्हा गाड्या. त्याच गाड्या, तीच माणसं! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी मामांच्या घरी जाऊन तो राकेलचा डबा आणला, फक्की भरली आणि तोंडाला येईल ते बोलत "सर मांगं!" म्हणून ओरडलो. आवाज बहुतेक त्यांच्यासारखाच निघाला असावा, कारण जुने बैल पाऊलभर मागं सरले आणि मान वर करून इकडं तिकडं बघू लागले.

मी उलटं चालत रेघ मारली. ती वाकडी आली. मामा असते तर सगळ्या घाटादेखत माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी डबा हातात धरून तिथंच उभा राहिलो, कुणीतरी मला शिवी घालेल म्हणून.