‘मरणे’चा आधीचा अर्थ

मी हित्ती भाषेच्या क्रियापदांवर काम करते असं सांगितलं, की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत लोक घाईने माझ्या लग्नाचा विषय काढतात. हजारो वर्षांपूर्वी, आजच्या तुर्कस्तानात, मातीच्या पाट्यांवर लिहिलेली ही भाषा. बोलणारं कुणी उरलेलं नाही. घरात फक्त आई ऐकून घेते, तेही हातातलं काम न सोडता.

त्या दिवशी सकाळी नारळ खवताना तिने विचारलं, म्हणून सांगितलं, की आपल्या ‘मरणे’च्या कुळातलं एक क्रियापद त्या भाषेत आहे, ‘मेर्’. पण तिथे त्याचा अर्थ मरणं नाही. नाहीसं होणं, दिसेनासं होणं. बरेच अभ्यासक तोच मूळ अर्थ मानतात.

“बरो अर्थ,” आई म्हणाली आणि खोबरं घेऊन चुलीकडे गेली. पुढचं तिने ऐकलंच नाही. मेलेल्याला मेला म्हणवेना, म्हणून माणसं ‘नाहीसा झाला’ म्हणू लागली असावीत, आणि वापरून वापरून तो मऊ शब्दच कठोर झाला, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते फार हुशारीचं वाटायचं.

दुपारी शेजारचे काका धावत आले. शिरगावच्या वाटेवर बंद खाणीचा जुना खंदक आहे, पाण्याने भरलेला, तळ कुणी न पाहिलेला. माझा धाकटा भाऊ तिथे गरी टाकून बसतो. त्याची स्कूटर काठावर होती, सीटवर टॉवेल होता आणि तो कुठेच नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मा गाव जमला होता. मी त्याला फोन लावला. फोन वाजला, स्कूटरच्या सीटखाली. मला भयंकर राग आला. पाण्याचा, त्याचा, आणि मोबाइल उंच धरून शूटिंग करणाऱ्या त्या दोघांचा. एकाच्या हातावर मी फटका मारला. त्याने मोबाइल खिशात टाकला.

अग्निशमन दलाची माणसं दोराला गळ बांधून तळ ढवळत होती. काका हळहळत म्हणाले, “पाण्यात इतलो बरो पोवतालो, तरी मेलो कसो?”

आई गर्रकन वळली. “मेलो म्हणू नाका! दिसना म्हणा. दिसना, इतलाच.” माझा दंड धरून तिने मला पुढे ओढलं. “सांग गो ह्यांका! तुज्या त्या जुन्या लोकांत त्याचो अर्थ किते, ता सांग.”

“आई, आता नको.”

“सांग!”

“नाहीसं होणं,” मी म्हटलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. माझंही डोकं फिरलं, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. “तिथे त्याचा अर्थ फक्त नाहीसं होणं.”

“आयकला?” आई काकांना म्हणाली. काकांनी मान खाली घातली. तो अर्थ पुढे का बदलला, हे मी बोलले नाही. शब्दांचे अर्थ कसे पालटतात यावर मी ढिगाने वाचलंय. पण पालट होताना काठावर कोण उभं असतं, ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

एवढ्यात दोर ताठ झाला. ओढणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आई मटकन खाली बसली. ट्रकचा टायर वर आला.

तो टायर बाजूला टाकेपर्यंत मागून मोटरसायकल थांबली आणि भाऊ उतरला. हरमलच्या किनाऱ्यावर एका मित्राच्या भाड्याच्या खोल्या आहेत, तिथला पंप बिघडला होता. मित्र येऊन याला उचलून घेऊन गेला, आणि स्कूटर इथेच राहिली, सीटखाली फोन विसरलेला. लोक हसले, त्याला शिव्या घातल्या, काकांनी पाठीत धपाटा घातला. मला तर त्याला त्याच पाण्यात ढकलावंसं वाटत होतं, आणि रडूही आवरत नव्हतं.

आई धावली नाही. हळूहळू चालत गेली आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. केस कोरडे होते. ती बराच वेळ हात फिरवत राहिली.

“मेलो म्हणून धरलेलो रे मी तुका,” ती म्हणाली. “ह्या सगळ्यांच्या आदी.”