चुंबनासाठी थांबवलेले माग

उधन्यात आमच्या यंत्रमागांच्या गल्लीत एका गरमागरम प्रेमपटाचं शूटिंग आलं. माझा भाऊ ज्या कारखान्यात माग चालवतो, तिथेच कापडाच्या ताक्यांच्या ढिगावर नायक-नायिकेचं चुंबनदृश्य घ्यायचं ठरलं. मी अर्थात सर्वांत पुढे! दिग्दर्शकाला खडखडाट नको होता, म्हणून शेठने अख्ख्या गल्लीचे माग बंद करवले.

"आता कुणी चकार शब्द काढायचा नाही," दिग्दर्शकाने बजावलं.

आमच्याकडे भरदिवसा माग असे एकदम थांबतात, ते कुणाचा तरी हात मागाच्या पट्ट्यात अडकला की. हे मला आठवेपर्यंत बाहेर चपला धावू लागल्या होत्या. दार धाडकन उघडलं. पिठाच्या हातांनी वहिनी उभी, मागे गल्लीतल्या साऱ्या बायका.

"कोना हात गया?"

हुकूम पाळून सगळे गप्प. वहिनीचा चेहरा उतरत गेला. तेवढ्यात शूटिंगच्या मोठ्या दिव्यामागून भावाने दोन्ही हात वर केले. तिने ते निरखून पाहिले, आधी उजवा, मग डावा. पदराने डोळे पुसले, आणि तिची नजर ढिगावर गेली. ते दोघे अजून मिठीतच होते.

"आनि यास्नं काय अडकनं?"