पाटीवरची अकरा नावं

"नाही. चाय घे."

कोणालाही नकार द्यायचा असला की आमचा साहेब एवढंच म्हणायचा. हातातलं काम थांबवायचा, चिंधीनं एकेक बोट पुसायचा, समोरच्याकडे नीट बघून "नाही" म्हणायचा आणि लगेच चहा मागवायचा. कारंज्याच्या आमच्या कापसाच्या जिनात साहेबाकडून चहा मिळाला म्हणजे काम झालं नाही, असंच लोक धरून चालायचे.

"काय रे, देल्ली का रजा?"

"नाई बावा. चाय पाजला."

साहेब जर्मन होता. अमरावतीच्या कॉलेजात मी हे सांगतो तेव्हा मुलं हसतात. खेळाच्या सरांनी मला विचारलं, "फुटबॉल कोणी शिकवला?" मी खरं ते सांगितलं. सर म्हणाले, "कारंज्याला जर्मन कोच? मग वाशीमला कोण आहे, फ्रेंच?" सगळा वर्ग हसला. मला उत्तरं नेहमी उशिरा सुचतात. म्हणून हे लिहीत आहे. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच, तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण माणूस खरा होता, आणि तुम्ही त्याला पाहिलं असतं तर तुमच्याही लक्षात राहिला असता.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी तो इंजिन बसवायला हिंदुस्थानात आला. लढाई सुरू झाली, आणि जर्मन म्हणून सरकारनं त्याला तारेच्या कुंपणात ठेवलं. सुटल्यावर तो मायदेशी गेला नाही. आमच्या जिनात इंजिनवर लागला. मराठी तो शिकला गाडीवाल्यांकडून आणि रोलरला कापूस लावणाऱ्या बायांकडून, त्यामुळे त्याची मराठी चांगली वऱ्हाडी होती आणि 'अहो-जाहो' तिच्यात नव्हतंच. जिनाच्या शेठलाही तो "तू" म्हणायचा. "तुले काय पाह्यजे?" असं त्यानं भर अंगणात विचारलं की दिवाणजी डोळे मिटून घ्यायचे. शेठ चालवून घ्यायचे, कारण ते इंजिन दुसऱ्या कोणाचं ऐकत नव्हतं. तोंडावर आम्ही त्याला "तुमी" म्हणायचो, माघारी "तो". आता लिहितानाही हातून "ते" उतरत नाही. यात अनादर नाही.

आपल्या देशात त्यानं खाणकामगारांचा एक फुटबॉलचा संघ तयार केला होता. इथं आल्यावर गाठी ठेवायच्या आवारामागची पडीक जागा बघून त्याला राहवलं नाही. माझे वडील हंगामात आमच्या धनज गावाहून जिनात यायचे, मॅट्रिकच्या परीक्षेआधी मीही काट्यावर वजनं लिहायला होतो. एका संध्याकाळी त्यानं मला दंडाला धरून मैदानात उभं केलं आणि म्हणाला, "तू बॅक. इथून बॉल गेला तर तुझी चूक." फुटबॉलचं माझं पहिलं शिक्षण एवढंच.

गोल राखणारा गोली शोधायला त्याला वेळ लागला नाही. कामरगावचा गणा गाडीवरून फेकलेली कापसाची गाठोडी झेलायचा. गाठोडं कसंही येवो, गणा ते छातीशी घ्यायचा, झोपलेलं लेकरू घ्यावं तसं. साहेब दोन दिवस इंजिनघराच्या दारात उभा राहून ते बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं गाठोड्याऐवजी चेंडू फेकला. गणानं तोही छातीशी धरला आणि विचारलं, "हे कुठं ठेवू?"

बुटांची गोष्ट सांगायलाच हवी. साहेबानं चांभाराकडून अकरा जोड करून घेतले. पण त्याच आठवड्यात मुकादम म्हणाला, मैदान सुरू करायचं तर नारळ फोडला पाह्यजे. साहेब म्हणाला, फोड. गोलाच्या खांबांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, सगळ्यांनी प्रसाद खाल्ला. दुसऱ्या दिवशी आम्ही अकराही जण मैदानाच्या कडेला बूट काढून अनवाणी आत गेलो.

"काहून?" साहेब ओरडला.

"तुमीच तर पूजा करू देल्ली साहेब," गणा म्हणाला. "आता चामडं घालून कसं जावं?"

साहेब बराच वेळ खांबावरच्या कुंकवाकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि स्वतःचेही बूट काढले. त्या दिवसापासून तो आम्हाला अनवाणीच शिकवायचा. काळ्या मातीची ढेकळं त्याच्या गोऱ्या तळव्यांना टोचायची तेव्हा तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणायचा. अर्थ आम्ही कधी विचारला नाही.

त्याच्या शिस्तीच्या दोनच गोष्टी होत्या. एक जिनातली. सुटीचा भोंगा वाजला की इंजिनचा पट्टा उतरायचा आणि जिनाच्या रोलरला उलटा झटका बसायचा. साहेब येण्याआधी त्या झटक्यात एका बाईची दोन बोटं गेली होती. म्हणून साहेबाचा नियम होता, भोंगा झाला की दोन्ही हात खांद्याला. कापूस लावणाऱ्या प्रत्येकाकडून तो हे रोज घोटून घ्यायचा. गाठोडी झेलून झाली की गणाही रोलरवर कापूस लावायला बसायचा. तीन हंगामांत त्याचे हात आपोआप वर जायला लागले होते. साहेब आल्यापासून आमच्या जिनात कोणाचं बोट गेलं नाही.

दुसरी गोष्ट पाटीची. बुधवारी इंजिनघराच्या दारावर तो एक पाटी टांगायचा. तिच्यावर खडूनं अकरा नावं, पहिलं गोलीचं. आठवडाभर जो सरावाला आला त्याचंच नाव. मुकादमाचा मुलगा असो की मुकादम स्वतः, सरावाला आला नाही तर पाटीवर नाही.

अकोल्याच्या शिल्डच्या सामन्यांत त्या वर्षी आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो. अनवाणी, जिनाचे मजूर, ज्यांना आधी कोणी ओळखतही नव्हतं. शेठ खूष झाले. आणि त्याच आठवड्यात त्यांचा भाचा नागपूरहून आला. तिकडे तो कॉलेजच्या संघात गोली होता. त्याच्याकडे चामड्याचे हातमोजे होते. मुलगा वाईट नव्हता, हेही सांगतो. पण तो सरावाला एकदाच आला, टांग्यातून, आणि उतरला नाही.

बुधवारी पाटी लागली. पहिलं नाव गणाचं. शेठ स्वतः इंजिनघरात आले. मी वजनाची वही घेऊन तिथंच होतो.

"साहेब, गोलात भाच्याचं नाव टाका."

"तुझा भाचा चांगला खेळते," साहेब म्हणाला. "सरावाले आला नाही."

"एका सामन्याचा प्रश्न आहे. अकोल्याचे मोठे लोक येऊन राह्यले. मजुराले गोलात उभं करून आमी काय दाखवावं?"

साहेबानं बोटं पुसली. सगळी दहा.

"नाही. चाय घे."

शेठनी चहा घेतला नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "जिन माझा आहे, मैदान माझं आहे. तुमी राह्यता ते घर बी माझं आहे. रविवारपर्यंत विचार करा."

आता खरं सांगतो, आमच्यापैकी एकालाही साहेबानं अडून राहावं असं वाटत नव्हतं. दुपारच्या सुटीत आम्ही सगळे इंजिनघरात गेलो. पुढे गणाच होता.

"साहेब, टाका न त्याचं नाव. मी पुढल्या साली खेळीन. तुमची नोकरी जाईन."

"जाईन तर जाईन."

"मंग तुमी कुठं जान? तुमाले इथं कोण आहे?"

साहेबानं आम्हाला बसायला सांगितलं. तो कधी जास्त बोलत नसे. त्या दिवशी बोलला, तेही इंजिनच्या आवाजात, त्यामुळे आम्ही पुढे वाकून ऐकत होतो.

"तिथं बी पाटी होती माझी," तो म्हणाला. "तिथं बी एक जण आला. म्हणे हा पोरगा ज्यू आहे, याचं नाव पूस. तो माझा सगळ्यात चांगला खेळणारा. मले नोकरीची भीती वाटली. मी पुसलं. मले वाटलं, एक नाव तर आहे." त्यानं हातातली चिंधी खाली ठेवली. "मंग त्याले खाणीतून काढलं. मंग घरातून. मंग ते घरच रिकामं झालं."

ज्यू म्हणजे कोण हे तेव्हा आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही पुढे कॉलेजात कळलं.

"साहेब, ते लय मोठं झालं," गणा हळूच म्हणाला. "हे तर लहान आहे."

"हो. लहान आहे." साहेबानं उजवा हात पुढे केला, तेलानं काळा झालेला. "पण हात हाच होता."

रविवारी अकोल्याच्या मैदानावर गोलात गणा उभा राहिला. मांडवात शेठ बसले होते, शेजारी भाचा. समोरचा संघ बूट घातलेला आणि धिप्पाड. पहिल्या अर्ध्या वेळात गणानं इतके चेंडू छातीशी घेतले की अकोल्याचे लोकसुद्धा "वा रे कामरगाव" म्हणू लागले. मी स्वतः दोनदा चुकलो, दोन्ही वेळा त्यानं सांभाळलं. सामना संपत आला तरी कोणाचाच गोल नव्हता.

मग त्यांच्या एका खेळाडूनं लांबून, नुसता टाकायचा म्हणून, चेंडू मारला. तो टप्पे खात, जवळजवळ रांगत येत होता. गणा वाकला. त्याच वेळी मैदानाच्या भिंतीपलीकडच्या गिरणीचा भोंगा झाला.

गणाचे दोन्ही हात खांद्याला गेले.

चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला. सगळं मैदान हसलं. अकोल्याच्या लोकांना काय कळणार? त्यांना वाटलं, गोली घाबरला, शरण आला. गणा तसाच उभा होता, हात खांद्याला, तोंड उघडं. मी त्याला शिवी दिली. त्याच्या आईवरून दिली. हे लिहायचं नव्हतं, पण साहेबाविषयी खरं लिहायचं तर माझ्याविषयीही लिहायला पाहिजे.

आम्ही हरलो. शेठ मांडवातून उतरून मैदानात आले.

"पाह्यलं का? माझ्या भाच्यानं तो बॉल एका हातानं धरला असता."

"हो," साहेब म्हणाला. "धरला असता."

"मंग?"

"मंग काय? गोली गणाच."

एवढं बोलून तो अनवाणी गोलापर्यंत चालत गेला. गणा रडत होता. साहेब त्याच्यासमोर उभा राहिला आणि स्वतःचे दोन्ही हात खांद्याला लावले. सगळे लोक बघत होते, काही पुन्हा हसले. साहेबानं हात खाली घेतले नाहीत.

"मीच शिकवलं तुले," तो म्हणाला. "बरोबर केलं तू. दाही बोटं आहेत न?"

गणानं बोटांकडे बघितलं. "आहेत."

"मंग चाल."

आठ दिवसांत घर खाली करण्याचा निरोप आला. साहेबानं तेवढ्यात नवीन माणसाला इंजिन समजावून दिलं, त्याची खोड कुठं आहे ते कागदावर काढून दिलं. बुधवार आला तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे पाटी टांगली. खेळायला सामना नव्हता, संघ नव्हता, तो स्वतःही जिनाचा नोकर नव्हता. पाटीवर तीच अकरा नावं होती आणि पहिलं गणाचं. दुपारच्या छोट्या आगगाडीनं तो मूर्तिजापूरकडे गेला. पुढे म्हणे नगर जिल्ह्यात एका साखर कारखान्यावर लागला, तिथं त्यानं संघ उभा केला आणि वर्षभरात तिथूनही त्याला काढून टाकलं. कशावरून ते कळलं नाही. आमच्यातल्या कोणी ते विचारलंही नाही, सगळ्यांना अंदाज होता.

पुढच्या हंगामात गणाला जिनात घेतलं नाही. तो कामरगावात लोकांच्या गाड्या भरायचा. मी कॉलेजातून नाताळच्या सुटीत घरी आलो तर दिवाणजींचा निरोप येऊन पडला होता. शिल्डसाठी संघ करायचा आहे, गोलात शेठचा भाचा, बॅकला मी, शनिवारी मैदानावर यावं. वडील म्हणाले, "जाय लेका. कायले वाकडं घ्यायचं? मले अजून चार महिने तिथं काम करायचं आहे."

मी गेलो. मैदानाच्या कडेला रिकाम्या बैलगाड्या सोडलेल्या होत्या आणि जुने नऊ जण त्यांच्या धुरांवर बसले होते. कोणी तंबाखू मळत होता, कोणी काडीनं माती उकरत होता. गणाही आला होता.

"जा बे तुमी," तो त्यांना सांगत होता. "मी नाई रुसत. कायले पोटावर पाय आणता?"

"बस गुमान," मुकादमाचा मुलगा म्हणाला.

समोर गोलात शेठचा भाचा एकटाच उभा होता, हातमोजे घालून. दिवाणजी चेंडू बगलेत धरून मैदानाच्या मधोमध. ते माझ्याकडे आले.

"हे अडाणी आहेत. तू तर शिकला-सवरलेला. तू उतर, मंग हे उतरतील."

माझ्या आयुष्यात मी मोठ्या माणसाला कधी नकार दिलेला नव्हता. वडिलांचे चार महिने डोळ्यांपुढे होते. मी गणाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.

"मी खेळणार नाही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की दिवाणजींनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज गोलापर्यंत गेला असावा, कारण शेठच्या भाच्यानं एकदा धुरांवर बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं आणि हळूहळू, एकेक बोट सोडवत, हातमोजे काढायला घेतले.