पाऊण टँकर

लातूर नवा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती, आणि आमच्या कचेरीतल्या टेबलांच्या पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. दुष्काळ मात्र जुनाच होता. मी नवा इंजिनिअर. रेणापूरजवळच्या एका विहिरीवरून सहा वस्त्यांना टँकर जायचे. त्यांचं वेळापत्रक माझ्याकडे आलं आणि मी हरखून गेलो.

माझा नियम एका ओळीत मावायचा. विहिरीत सहा हात पाणी असलं तर टँकर भरायचा, कमी असलं तर पंप बंद. टँकर आला, भरला, गेला. माझ्या लेखी जगात एवढ्याच घटना घडत होत्या.

पहिल्याच आठवड्यात पाच टँकर गेल्यावर पाणी मोजायला दोर सोडला, तर तो साडेपाचच हात भिजला. सहावा टँकर मी रिकामा परत पाठवला. तो गावाबाहेरच्या आमच्या बौद्धवस्तीचा होता. माझी आई तिथंच राहायची. आपल्या माणसांसाठीही नियम मोडला नाही म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी घरी गेलो. आई म्हणाली, "त्या दिशी ऊन उतरस्तोवर घागरी मांडून बसलो. टँकरचा कागद माझ्या ल्योकानं लिवलाय, हे म्या कुणाला सांगितलं न्हाई." मला मान वर करवेना.

सोमवारी विहिरीवरच्या चाचांना गाठलं. पंप तेच चालवायचे, माझ्या कितीतरी आधीपासून.

"चाचा, मी यायच्या आधी तुम्ही कसं ठरवायचे?"

"त्यात ठरवायचं काय, साहेब? पाणी कमी हाय, पन न्हाईच असं न्हाई. मग टँकरबी कमी भरायचा. झरा कसा हाय, किती वस्त्या राहिल्या, ते बघायचं."

"कमी म्हणजे नेमकं किती?"

"थोडं कमी, लई कमी. आता अजून काय सांगू?"

आणि मला नांदेडच्या कॉलेजातल्या लायब्ररीत चाळलेला एक लेख आठवला. फझी लॉजिक. तेव्हा मी तो रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून मिटून ठेवला होता. एकच पाणी एकाच वेळी थोडंसं 'कमी' आणि बरंचसं 'ठीक' असू शकतं, असं त्यात होतं. चाचांनी तो वाचला असण्याची शक्यता नव्हती. मग हे त्यांना कुठून आलं? मला चैन पडेना.

तीन दिवस वही घेऊन विहिरीच्या काठावर बसलो आणि चाचांचं डोकं खाल्लं. चार हात? लई कमी. पाच? कमी, पन झरा चांगला असंल तर चालतंय. साडेपाच हातांपुढे शेवटी मी लिहिलं: तीन आणे कमी, तेरा आणे ठीक. मग नियम मांडले. पाणी जरा कमी, झरा चांगला, एकच वस्ती राहिलेली, तर टँकर पाऊण भरायचा. चाचांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "एवढ्यासाठी तीन दिवस?"

पुढच्याच आठवड्यात पाच टँकर गेल्यावर दोर पुन्हा साडेपाच हात भिजला. झरा चांगला होता, एकच वस्ती राहिली होती. पाऊण टँकर भरला आणि ड्रायव्हरशेजारी बसून मीही वस्तीवर गेलो.

आधी प्रत्येक घराला एकेक घागर, मग उरलेलं. आईची घागर भरली. ती तिनं खाली ठेवली, माझा दंड धरला आणि रांगेतल्या बायांना म्हणाली, "ह्यो माझा ल्योक. टँकरचा कागद ह्योच लिवतो."