सोमवारचा सुळका

आमचे दाजी म्हणजे रुद्रप्पा. परळीच्या थर्मल वीजकेंद्रात सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली, आणि रिटायर झाले तरी माणूस काही त्या खोलीतून बाहेर आला नाही. फ्रीजचा आवाज जरा बदलला की कान टवकारणार. कुकरच्या वाफेवर तर एवढं भाषण की आमची जगदेवीअक्का एकदा म्हणाली, उद्यापासून वरणभात तुमीच लावा. मी अक्काचा धाकटा भाऊ, योगीराज. वैजनाथाच्या वाटेवर माझं भस्म, रुद्राक्ष, उदबत्त्यांचं दुकान आहे, आणि दाजींचं ऐकून घ्यायला माझ्याइतका रिकामटेकडा माणूस परळीत नाही, असं त्यांचं पक्कं मत आहे.

त्यांचं पालुपद म्हणजे जुना पेनवाला रेकॉर्डर. कागदाची गुंडाळी हळूहळू सरकायची आणि शाईचं पेन तिच्यावर वाफेच्या दाबाची रेघ ओढत राहायचं. पुढं सगळं स्क्रीनवर आलं, पण दाजींचा जीव त्या रेघेतच अडकलेला. "आकडा आत्ताचं सांगतो, बे. रेघ सांगते कुठं चाललंय ते." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

मागच्या साली अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दारात कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखायची. लातूरला ऑपरेशन ठरलं, तिथं ही ऑपरेशनं मंगळवारी व्हायची. गेलो, तर बीपी एवढं चढलेलं की डॉक्टरीणबाईंनी हातच लावला नाही. आणखी एका मंगळवारी गेलो, पुन्हा तेच. बाई भल्या होत्या. बीपीची गोळी चालू असून असं होतंय म्हणजे आधी हृदय तपासून घ्या, मग डोळ्यांचं बघू, असं त्यांनी समजावून सांगितलं. हृदय म्हटल्याबरोबर दाजींचा धीर सुटला. परळी येईपर्यंत बाईंनी दिलेला कागद पुन्हापुन्हा वाचत होते. अक्का मला हळूच विचारत होती, आता मला दिसणारच न्हाई का रे. काय सांगणार, कपाळ!

दाजींनी बीपी मोजायचं मशीन आणलं. रोज तिन्हीसांजेला अक्काच्या दंडाला पट्टा बांधायचा, आकडा बघायचा आणि एका बोटानं कॉम्प्युटरवर टाकायचा. त्यांची लेक शिवांजली पुण्याला नोकरीला असते, तिनंच एक्सेलमध्ये तक्ता आखून दिला होता. एका ओळीत एक आठवडा, रविवार ते शनिवार. दाजी तासन्‌तास त्या आकड्यांकडं बघायचे. एकदा मला म्हणाले की भीती वाटते, हिला काही झालं तर मी काय करू. उभ्या आयुष्यात ह्या माणसाच्या तोंडून भीती हा शब्द मी ऐकला नव्हता.

मग एका रविवारी शिवांजलीचा फोन आला. अप्पा, आकडे वाचत बसू नका, ती म्हणाली, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या चौकटीत रेघ काढता येते. इन्सर्टमध्ये जा, स्पार्कलाइन म्हणून असेल, त्यात लाइन घ्या, आठवड्याचे आकडे दाखवा. दाजींनी धडपडत केलं आणि बघतो तर काय, नखाएवढ्या चौकटीत एक बारीक रेघ उमटली. कोपरा धरून खाली ओढल्यावर प्रत्येक आठवड्यापुढं एकेक रेघ. दाजींचा चेहरा असा खुलला, जणू रेकॉर्डरच घरी चालत आला.

पण थर्मलचा माणूस, लगेच खोट काढली. दोनचार आकड्यांचा फरक असला तरी रेघेत डोंगर दिसत होता. "प्रत्येक रेघेची मोजपट्टी वेगळी कावून?" त्यांनी फोनवरच लेकीला दरडावलं. ती हसली. म्हणाली, बरोबर आहे अप्पा, ते आपण सांगितल्याशिवाय तसंच काढतं. मग अ‍ॅक्सिसमध्ये जाऊन सगळ्या रेघांना एकच खालची आणि एकच वरची हद्द द्यायला लावली, आणि सगळ्यांत वरच्या टोकाला लाल ठिपका लावायला सांगितला.

तेवढं केलं आणि डोंगर बसले. सगळ्या रेघा शहाण्यासारख्या सपाट झाल्या. फक्त प्रत्येकीत एक सुळका उरला, आणि तो दर ओळीत त्याच जागी. लाल ठिपके एकाखाली एक, ओळंबा धरल्यागत. दाजींनी बोट लावून वरचं नाव वाचलं. सोमवार.

आधी माझ्याकडंच बघितलं. म्हणाले, सोमवारी तू येतोस का रे इथं? मी तडकलोच. सोमवारी देवळाला गर्दी असते, मला दुकानात मरायला फुरसत नसते, आणि तुमच्या बायकोचं बीपी वाढवायला मी येऊ? मग देवळाच्या पायऱ्या आठवल्या, पण डोळे गेल्यापासून अक्का देवळात जात नव्हती. उपासाचा साबुदाणा आठवला, तर तो तिला चालतच नाही. अक्का तिथंच शेंगा चाचपत सोलत बसली होती. शेवटी दाजींनी तिलाच विचारलं, सोमवारी गोळी घेतेस ना?

"सोमवारी कशी घिऊ?" अक्का म्हणाली. "सकाळी जेवल्यावर घ्यायची म्हणून सांगितलंय. सोमवारी मी सकाळी जेवते कुठं?"

आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, म्हणजे घेतच नाहीस? तिला वाटलं आमचा विश्वास बसला नाही. उठली, भिंत धरत आत गेली आणि चहापत्तीचा जुना डबा आणून दाजींच्या हातात दिला. आत सोमवारच्या गोळ्या. टाकून कशाला द्यायच्या म्हणून जपून ठेवलेल्या. मग लातूरचंही उलगडलं. आदल्या दिवशी सोमवार, आणि मंगळवारी त्यांनी उपाशीपोटी बोलावलेलं, म्हणजे त्या दिवशीही गोळी नाही. जेवण नाही तर गोळी नाही, एवढी सरळ आमची अक्का!

दाजी खुर्चीत मागं टेकले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला दिसत नाही म्हणून आवाज न करता रडत होते, आणि मला हातानं खुणावत होते की बोलू नकोस. मलाही हुंदका आवरेना, पण तोंडात रुमाल कोंबून बसलो. छातीवरची धोंड उतरली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उपवास असला तरी पाण्याबरोबर गोळी घ्यायचीच. तरी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घेतली, ती चांगली निघाली. त्यानंतरच्या रेघांत सुळका नाही. तोच तक्ता कागदावर छापून लातूरला नेला, बाईंनी एका नजरेत बघितला आणि तारीख दिली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, झकास झालं.

घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी संध्याकाळी अक्का म्हणाली, मला त्या रेघा दाखवा. दाजींनी खुर्ची सरकवून दिली. ती स्क्रीनजवळ वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"एवढीशीच हाय व्हय?" ती म्हणाली. "ह्या एवढ्याशा रेघंपायी त्या दिशी रडलात तुमी?"

दाजी माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच चहाडी केली. कोण रडलं, कुणी सांगितलं, असं काहीबाही बोलले.

"मला दिसत नव्हतं," अक्का म्हणाली. "ऐकू येत होतं की."

दाजी लगबगीनं उठले. नेहमीप्रमाणे पट्टा घेऊन ते तिच्या दंडाला बांधायला गेले, तर अक्कानं तो काढून घेतला आणि त्यांच्याच दंडाला बांधला. बटण दाबलं, मशीन गुरगुरून थांबलं, आणि तिनं आकडा स्वतः वाचून सांगितला. मी वाकून बघितलं, बरोबर वाचला होता.