नाल्याच्या पाण्यातली गुडघ्याची गोळी

मावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नाल्यात उभी होते. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात रबरी मोजे. तपकिरी काचेची बाटली पाण्यात तिरपी धरून मी ती हळूहळू भरत होते.

"नगरपालिकेच्या काय?" वरून आवाज आला.

काठावर साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात नुकत्याच उपटलेल्या मेथीची जुडी.

"नाही हो, कॉलेजची आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते."

"मंग नाल्यात काय शिकवून राह्यल्या?"

मला हसू आलं, आणि हसता हसता पाय घसरला. त्यांनी जुडी खाली टाकली, हात दिला, मला वर ओढून घेतलं आणि मळ्यातल्या हौदावर पाय धुवायला नेलं. ओळख झाली ती अशी.

मी मूळची लोणारकडच्या सुलतानपूरची. नोकरीमुळे घाटाखाली, या तालुक्याच्या गावात येऊन राहिले. गावात एक मोठं खाजगी हॉस्पिटल आहे. त्याच्या मागून नाला निघतो, आणि पावसाळा सोडला तर त्यात जे पाणी असतं ते हॉस्पिटलचं आणि आजूबाजूच्या वस्तीचं. अर्धा किलोमीटर खाली मावशींचा आणि त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा, मळा. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी वांगी. मोटर नाल्यावर बसवलेली. उन्हाळ्यात बाकीच्यांच्या विहिरी तळ गाठायच्या तेव्हाही यांचा मळा हिरवा असायचा.

मी तेव्हा पीएच.डी.साठी काम करत होते. आपण औषध घेतो ते सगळंच्या सगळं अंगात जिरत नाही, काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. हॉस्पिटलच्या टाकीत घाण खाली बसते, वास कमी होतो, पण गोळ्यांचे अंश पाण्याबरोबर पुढे जातात. ते अंश मोडून टाकणारे जंतू आणि अळिंबीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, वापरून हे पाणी स्वच्छ करता येईल का, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी नाल्याचं पाणी हवं होतं, आणि दर आठवड्याला बाटल्या भरायची सोयीची जागा त्यांच्याच काठावर होती.

मावशींनी परवानगी लगेच दिली. काका मात्र मोटरीजवळ बसून ऐकत होते, ते म्हणाले, "घ्या पानी. पन बजारात आमचं नाव नोका काढू. भाजीचा धंदा हाये आमचा."

"नाही काढणार," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

त्यानंतर दर सोमवारी मी जायची. बाटल्या भरून झाल्या की मावशी चहा ठेवायच्या. माझी बोली ऐकून त्या चिडवायच्या, "तुमी घाटावरचे, निस्तं गोड बोलता." मी कॉलेजात काय करते हे त्यांना ऐकायचं असे. मी सांगायची: धिंगरी अळिंबी निघाल्यावर उरलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भिजवून पिळलं की तपकिरी पाणी निघतं, त्यात ते विकर असतं. पण ते तसंच नाल्यात ओतलं तर वाहून जाईल. म्हणून समुद्री शेवाळापासून केलेल्या पावडरीत ते मिसळायचं आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचं. प्रत्येक थेंबाचा मणी होतो. विकर मण्यातच अडकून राहतं, पाणी तेवढं आरपार जातं. माझे विद्यार्थी त्याला साबुदाणा म्हणायचे.

"म्हंजे बैल खुट्याले बांधल्यावानी," मावशी म्हणाल्या. "काम करन, पन पयून नाई जाईन."

वर्गात पुढे मी हेच वाक्य वापरायला लागले.

पहिले नमुने तपासायला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागले, तसं यंत्र आमच्या जिल्ह्यात मला कुठे मिळालं नाही. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून मी बसने नांदुऱ्याला गेले आणि तिथून रेल्वे धरली. निकाल यायला बरेच दिवस लागले. पाण्यात दोन औषधं ठळक निघाली. एक प्रतिजैविक, आणि एक दुखण्यावरची गोळी.

गोळीचं नाव सांगितल्यावर मावशी आत गेल्या आणि प्लास्टिकच्या डब्यातून एक पाकीट घेऊन आल्या. "हे तं नव्हं?"

तेच होतं. दोन वर्षं त्या गुडघ्यांसाठी ती गोळी घेत होत्या. त्याच हॉस्पिटलातून.

"म्हंजे दवाखान्यात लोकं गोळ्या खातेत, अन् थ्याच माह्या मेथीले लागतेत?"

"मेथीत किती उतरतात ते माहीत नाही, मावशी. मी पाणी तपासलंय, भाजी नाही."

त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. "मंग मी गोळी खानं सोडू काय? माह्यामुळंच कोनाले काई होत असन तं?"

इतके महिने मी त्या औषधाकडे पाण्यातला दोष म्हणूनच पाहत होते. समोर बसलेली बाई त्याच औषधाच्या जोरावर सकाळी वाफ्यात बसू शकत होती. "नाही," मी म्हणाले. "तुम्ही गोळी घ्या. पाण्याचं मी बघते."

फार मोठं बोलून गेले होते.

त्या हिवाळ्यात कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं. मी आमच्या कामाचा एक तक्ता लावला. अळिंबी, मणी, काचेच्या नळीतून ठिबकणारं पाणी, आणि शेजारी नाल्याचा नकाशा. नमुने कुठून घेतले तिथे लाल ठिपके. एका ठिपक्यापुढे मी लिहिलं होतं, 'भाजीचा मळा'. नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, मी शब्द पाळला.

पण त्या नाल्यावर भाजीचा मळा एकच होता. प्रदर्शन पाहायला निम्मं गाव आलं होतं.

पुढच्या आठवडी बाजारात मी गेले तर मावशींच्या पुढ्यात भाजीचा ढीग तसाच. शेजारच्या बाईची मेथी संपत आलेली. काका मागे पोत्यावर बसले होते, त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. पालक हातात घेतलेल्या एका बाईला तिच्या सोबतीनं हळूच सांगितलं, "ते औषधाची भाजी हाये, ठेव." बाईनं पालक खाली ठेवला.

मी मावशींच्या बाजूला जाऊन बसले. "माझ्यामुळे झालं हे."

"माईत हाये," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

मी तिथून हलले नाही. कॉलेजच्या मॅडम स्वतः बसल्या आहेत म्हटल्यावर लोक येतील, असा माझा समज होता. लोक आलेही, पण विचारायला. आमच्याच गल्लीतले एक निवृत्त गुरुजी थांबले. "मॅडम, तुम्हीच सांगा. ही भाजी घ्यावी का न घ्यावी?"

घ्या, असं म्हणणं सोपं होतं. पण मला ते माहीत नव्हतं. मी म्हणाले, "पाण्यात औषधांचे अंश आहेत. भाजीत आहेत का, ते अजून तपासलेलं नाही."

गुरुजी मान डोलावून पुढे गेले. त्यांच्या मागे थांबलेले दोघंही गेले. मी येण्याआधी निदान एखाद-दुसरी जुडी जात होती, मी बसल्यावर तीही बंद झाली.

बाजार उठताना मावशींनी भाजी पोत्यात भरली. "बसाचं होतं तं आंधी इचारून घ्याचं होतं," एवढंच म्हणाल्या. मी पोतं उचलायला हात लावला, पण काकांनी ते माझ्या हातून घेतलं आणि खांद्यावर टाकून निघून गेले.

पुढच्या सोमवारी मी मळ्यात गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या सोमवारी मावशीच कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मी धावत गेले.

"पानी न्यायचं सोडलं काय?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"याच तोंडानं या. आमी भाजी हलवली." दिराच्या विहिरीवरून पाईप आणून मेथी-पालक वरच्या तुकड्यात लावला होता, आणि नाल्याकाठी आता झेंडू लावणार होते. "फुलं कोनी खात नाई. पन ते पानी तसंच वाहून राह्यलं ना. खाली आनखी कोनी असन."

मग त्या म्हणाल्या, "तुमी दवाखान्यात काऊन नाई गेल्या? रोग तिथी अन् तुमी इलाज इथी करून राह्यल्या."

खरं होतं. हॉस्पिटलात जायची मला भीती वाटत होती. आपण तक्रार घेऊन आलो असं त्यांना वाटेल, मग नमुने घेणंही बंद होईल, ही भीती.

आम्ही तिघं गेलो. काका येतील असं वाटलं नव्हतं, पण ते इस्त्रीचा सदरा घालून बसस्टँडसमोर आमची वाट पाहत थांबले होते. माझ्याशी बोलले नाहीत. हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांनी माझे कागद चाळले आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "आमची टाकी नियमाप्रमाणे आहे, मॅडम. आमचा दोष काय यात?"

नियम काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते मी समजावायला लागले आणि अडखळले. तेव्हा काका बोलले. "डॉक्टरसाहेब, आमी भांडाले नाई आलो. हिचे गुडघे तुमीच चालते केले. ह्या मॅडमजवळ काईतरी इलाज हाये म्हनते. तुमच्या मांगं दोन ड्रम ठेवाले जागा द्या, बस."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, "वास येईल का त्याचा?"

"नाही," मी म्हणाले.

"ठेवा मग."

पहिल्या ड्रममध्ये विटांचे तुकडे घातले. त्यांवर नाल्याच्याच चिखलातले जंतू वाढवलेले होते. प्रयोगशाळेत त्यांना महिनोन्‌महिने त्या गोळीचा थोडा थोडा अंश देत गेले होते, त्यात जे तगले ते हे. दुसऱ्या ड्रममध्ये विकराचे मणी, जाळीच्या पिशव्यांत. टाकीतून निघालेल्या पाण्याचा एक भाग आधी जंतूंकडे जायचा, मग मण्यांकडे.

बाराव्या दिवशी जाळी उघडली तर मणी नव्हते. हाताला नुसता बुळबुळीत लगदा लागला. मी ड्रमशेजारीच खाली बसले. नवे मणी करून घातले, तेही गेले. काय होतंय ते कळेना.

मळ्यात गेले तेव्हा मावशी झेंडूला पाणी देऊन येत होत्या. मी सांगितल्यावर म्हणाल्या, "दुपारी जेवनाच्या टायमाले नाल्याले फेस येते. दवाखान्यात चादरी धुतेत ना तवा. तुमी सकायी येता, तुमाले कसा दिसन?"

मी दुपारी जाऊन पाहिलं. खरंच, पांढरा फेस. साबणाच्या पाण्याने मण्यांतला कॅल्शियम ओढून घेतला होता, आणि चादरींसाठी वापरलेल्या ब्लीचिंगने जंतूंनाही मारलं होतं. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी धुण्याच्या पाण्याला वेगळा पाईप काढून दिला, कुरकुर न करता. मण्यांची कृतीही मी बदलली, ते जरा घट्ट केले.

त्यानंतरचे नमुने घेऊन मी पुन्हा नांदुऱ्याहून रेल्वेने गेले. निकाल आला तेव्हा विश्वास बसेना म्हणून तीनदा वाचला. दुखण्याच्या गोळीचे अंश दोन ड्रम ओलांडेपर्यंत बरेच उतरले होते. प्रतिजैविक मात्र थोडंच कमी झालं होतं. आणि हे सगळं फक्त ड्रममधून जाणाऱ्या पाण्याचं. नाला अजून होता तसाच होता.

मी तसंच, काही न लपवता, मळ्यात जाऊन सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. काका झेंडूची फुलं तोडत होते, तोडता तोडता थांबले.

"ते जंतू दिसतेत काय डोयानं?"

कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी थेट बोलले होते. "सूक्ष्मदर्शकातून दिसतात. बघायचेत?"

दोघंही कॉलेजात आले. मावशींनी प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या. मी नको नको म्हणत राहिले, पण त्यांनी ऐकलं नाही. विटेवरचा थर मी काचेवर पसरवून ठेवला होता. मावशींनी पाहिलं, "बाप्पा, किती!" म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. काका मात्र डोळा लावून बसले ते उठेचनात. एक डोळा मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, हलायलाही तयार नव्हते. प्रॅक्टिकलची मुलं मागे ताटकळत उभी राहिली, मीही त्यांना थांबा म्हणाले.

"वळवळून राह्यले," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "उन्हाळ्यात जगतीन काय हे?"

"तेच कठीण आहे, काका. मे महिन्यात ड्रमचं पाणी फार तापेल. काही जंतू मरतील, विकराचाही जोर जाईल."

"सावली काऊन नाई केली मंग?"

मला ते सुचलंच नव्हतं.

एप्रिल लागला तसे काका बैलगाडीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भरून हॉस्पिटलमागे आले. चार बांबू रोवले, वर पऱ्हाट्यांचं छप्पर केलं आणि दोन्ही ड्रमना ओलं बारदान गुंडाळलं. डॉक्टर खिडकीतून बघत होते, ते खाली आले आणि बांबू धरायला लागले. बारदान कधी ओलं करायचं हे काकांनी हॉस्पिटलच्या माळ्याला तीनदा बजावून सांगितलं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "सोमवारी या. चहा घेऊन जा."